नावाआधीचं टिंब

सोमवारी मी एक फाइल लिहिली. तीन ओळींची.
प्रॉम्प्ट हिरवा दिसावा, वर तारीख यावी, एवढीच हौस.
मंगळवारी पहाटे चारला
बर्फाच्या चिठ्ठ्या कोऱ्या निघाल्या.

देवगड बंदर. सोसायटीचं ऑफिस, पलीकडे बर्फाचा कारखाना,
मधल्या भिंतीला बारा महिने घाम.
खाली जेटीवर 'जलकन्या'चा तांडेल ओरडतोय,
किती लाद्या, कुणाच्या नावावर, सांगा तरी!
आणि माझ्या हातात पांढराफेक कागद.

हाताने चालवलं तर चालतं.
बुधवारी चाललं, गुरुवारीही,
माझ्यासमोर अगदी शहाण्या पोरासारखं.
पहाटे एकटं उठलं की
त्याला स्वतःचं घर सापडत नाही.

मग वाचत बसले, शेल जागा कसा होतो.
दारातून आत येणारा आधी गावाचं ऐकतो:
ईटीसीतली प्रोफाइल, सगळ्यांना एकच,
बंदरावर चढलेल्या बावट्यासारखी,
होडी कुणाची का असेना.
त्यानंतर घरचं.
घरात तीन नावांच्या तीन चिठ्ठ्या असू शकतात.
तो ठरल्या क्रमाने बघतो,
पहिली सापडली की वाचतो,
उरलेल्यांकडे ढुंकूनही पाहत नाही.

हे वाक्य मी दोनदा वाचलं.
मग चहा घेतला. मग तिसऱ्यांदा.

साधं एलएस मारलं तर फोल्डर रिकामा:
टिंबाने सुरू होणारी नावं ते दाखवत नाही.
एलएस वजा ए.
ओहोटीला खडपं उघडी पडावीत
तशा फायली वर आल्या, कालवं चिकटलेल्या.
माझी, सोमवारची, बॅश प्रोफाइल.
खाली दिगंबर कोयंडेंची, नुसती प्रोफाइल,
दोन हजार बारापासून रोज पहाटे वाचली जाणारी,
सोमवारपर्यंत.

आत रस्ते होते: डिझेलचा प्रोग्राम कुठे, बर्फाचा कुठे.
आणि हॅशच्या पुढच्या ओळी,
ज्या मशीनने ओलांडून जायच्या
आणि मागून येणाऱ्याने थांबून वाचायच्या:
# प्रिंटर रुसला तर पाच मिनिटं गप्प बसावे.
# हा फोल्डर हलवू नये. एकदा हलवला होता.
# जून-जुलै बंदी. तरी चिठ्ठी काढावी, शून्याची.
# सवय मोडू नये.

तारामुंबरीला फोन लावला.
मामा, चुकले. तुमची फाइल कोण वाचीतच नाय.
पलीकडे जाळ्याचा गुंता सोडवत असावेत, वेळ लागला.
"तुझी आधी गावली असतली.
पयली गावता ती वाचता, तेचो काय दोष?"
तुमची पुसू का, तुमच्या ओळी माझ्यात घेते?
"पुसू नको गो.
तुझ्यात एक टिंब घाल, नि म्होरं माझा नाव लिही.
वरती हां. खाली नको.
खालचो बोलता तोच खरो ठरता,
नि आता बोलूचा तुया."

एक टिंब.
एक मोकळी जागा.
मग त्यांच्या फायलीचं नाव, तेही टिंबापासूनच.
एका टिंबाआड ती इतकी वर्षं दडून होती,
दुसरं तिला हाक मारतं.
शेजारी शेजारी, दिसायला सारखीच;
मधली जागा विसरले असते
तर पुन्हा सगळं बंद.

शनिवारी पावणेचारला उगाचच ऑफिसात आले.
काही करायचं नव्हतं. पंखाही लावला नाही.
चार वाजले. प्रिंटर रुसला.
मी पाच मिनिटं गप्प बसले.
मग तो खरखरला:
जलकन्या, बारा लाद्या.

तांडेलाने चिठ्ठी घेतली,
न वाचताच खिशात कोंबली
आणि म्हणाला, बर्फ हल्ली पातळ देतात.